जर्मन शेफर्डचं पिल्लू घरी आलंय : पहिल्या दीड वर्षाचं खाणं कसं ठेवावं?

तिसरा_मजला | १२ जून

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी आमच्याकडे जर्मन शेफर्डचं पिल्लू आलं. नर आहे, वय ९ आठवडे, वजन साडेसात किलो. नाव ठेवलंय भैरव. आम्ही गिरगावात राहतो, जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही.

धागा काढतोय तो राजामुळे. राजा आमचा आधीचा लॅब्रॅडॉर. तो आला तेव्हा घरात कुणालाच काही माहिती नव्हती, पण हौस दांडगी होती. सकाळी दूध-पोळी, दुपारी पाकिटातलं खाणं आणि वर चमचाभर तूप, रात्री चिकन-भात. ज्याच्याकडून आणला त्याने कॅल्शियमच्या सिरपची बाटली हातात दिली होती, 'हाडं मजबूत होतील' म्हणून. तेही दोन वेळा. पाचव्या महिन्यात जिन्यात लोक थांबून विचारायचे, 'वर्षाचा झाला का हो?' तेव्हा आईचा चेहरा फुलायचा.

सातव्या महिन्यात तो पुढचा डावा पाय उचलून धरायला लागला. एक्सरेमध्ये कोपराचा सांधा बिघडलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, थोडं रक्तातून आलेलं असेल, पण झपाट्याने वाढलेलं वजन आणि वरून दिलेलं कॅल्शियम यांनी भर घातली. राजा साडेनऊ वर्षं जगला. शेवटची दोन वर्षं मी आणि भाऊ त्याला चादरीच्या झोळीत घालून तीन जिने उतरवायचो, दिवसातून तीन वेळा. झोळीत असताना तो माझ्या मनगटाला नाक लावून ठेवायचा.

भैरवच्या बाबतीत ही चूक पुन्हा होऊ द्यायची नाही. किती द्यायचं, किती वेळा, घरचं की पाकिटातलं, कॅल्शियमचं काय, मोठ्यांच्या खाण्यावर कधी आणायचं? ज्यांनी मोठ्या जातीची कुत्री वाढवली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

शिवडीची_खाडी | १२ जून

राजाबद्दल वाचून गलबलून आलं. भैरवला खूप खूप प्रेम. माझ्याकडे देशी कुत्री आहे त्यामुळे अनुभव वेगळा, पण धागा वाचत राहीन.

---

टिटवी | १२ जून

मी पशुवैद्य आहे, परळच्या कॉलेजात शिकले. लहान प्राण्यांचंच काम करते. दादा, तुमचा प्रश्न रोज समोर येतो, म्हणून जरा लांबण लावते.

आधी कॅल्शियम, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याच्या शरीरात गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम गेलं तर आतडं ते कमी शोषतं, उरलेलं बाहेर जातं. पिल्लाच्या आतड्याला, साधारण सहा महिन्यांपर्यंत, हा आवर नीट घालता येत नाही. पोटात जेवढं जास्त जाईल तेवढं जास्त रक्तात उतरतं. मग हाडाच्या टोकाशी जी कूर्चा असते तिचं हाडात रूपांतर व्हायचं वेळापत्रक बिघडतं. कूर्चा जाड राहते, तिला तडे जातात, कधी तुकडा सुटून सांध्यात फिरतो. राजाच्या कोपरात बहुधा असंच काहीतरी झालं असणार. छोट्या जातीच्या पिल्लांना हे सहसा खपून जातं. जर्मन शेफर्ड जन्मतः अर्धा किलोच्या आसपास असतो आणि वर्षभरात तीस किलो ओलांडतो, म्हणजे साठपट. एवढ्या वेगात हाडाला चूक दुरुस्त करायला सवड मिळत नाही.

आता आकडे. अमेरिकेतल्या आफ्को संस्थेच्या प्रमाणानुसार वाढत्या पिल्लाच्या खाण्यात दर १००० कॅलरीमागे कमीत कमी ३ ग्रॅम कॅल्शियम हवं. आणि जे पिल्लू मोठं होऊन ३२ किलोच्या आसपास किंवा वर जाणार आहे, त्याच्यासाठी वरची मर्यादा साडेचार ग्रॅम. एवढीच पट्टी आहे, ३ ते साडेचार. चांगल्या 'लार्ज ब्रीड पपी' पाकिटातलं खाणं या पट्टीत बसवूनच बनवलेलं असतं. भैरवला आज दिवसाला साधारण ९५० कॅलरी लागतील. समजा तुमच्या पाकिटात हजार कॅलरीमागे ३.६ ग्रॅम कॅल्शियम आहे, तर त्याला दिवसाला ३.४ ग्रॅम मिळालं. पुरेसं आहे. त्यावर कुणी अंड्याच्या टरफलाची एक चमचा पूड घातली तर आणखी जवळपास २ ग्रॅम गेलं. हजार कॅलरीमागचा हिशेब पावणेसहाच्या जवळ पोचला. एका चमच्याने!

म्हणून पूर्ण पाकिटातल्या खाण्यावर असलेल्या पिल्लाला सिरप, गोळ्या, हाडांची भुकटी, टरफलाची पूड यांतलं काहीही नको. 'ड' जीवनसत्त्वाचे थेंबही नकोत. बाटली कुणी प्रेमाने दिली असली तरी कपाटात ठेवून द्या.

---

कुलाबा_दांडी | १३ जून

डॉक्टर ताई, पाकिटावर 'कॅल्शियम १.४ टक्के' असं लिहिलेलं असतं. त्यावरून हजार कॅलरीचा आकडा कसा काढायचा?

---

टिटवी | १३ जून

सोपं आहे. टक्क्याला १० ने गुणा, म्हणजे किलोमागे ग्रॅम मिळतील. १.४ टक्के म्हणजे किलोत १४ ग्रॅम. पाकिटावर किलोमागे कॅलरी लिहिलेल्या असतात, समजा ३८००. १४ ला ३.८ ने भागलं की ३.७. पट्टीत बसलं. तेच १.९ टक्के असेल तर उत्तर ५ येतं, ते पाकीट मोठ्या जातीच्या पिल्लाला नको.

पाकिटावर कॅल्शियमचा कमाल आकडा किंवा कॅलरी दिलेल्याच नसतील तर कंपनीच्या ग्राहकसेवेला विचारा. ज्यांना सांगता येत नाही त्यांचं खाणं मी तरी वाढत्या पिल्लाला घालायला सांगत नाही.

---

माहीमकर_काकू | १३ जून

आमच्याकडे दोन लॅब्रॅडॉर होऊन गेले, आता गोल्डन रिट्रिव्हर आहे, चार वर्षांची. तिसरा_मजला, तुला वेळा सांगते. तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, मग सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, त्यानंतर जन्मभर दोन वेळा. भांडं समोर ठेवायचं, पंधरा मिनिटांनी उचलायचं. दिवसभर भरलेलं ताट पडू द्यायचं नाही. एक म्हणजे किती खाल्लं ते कळत नाही, आणि मुंबईच्या दमटपणात ओलसर झालेल्या दाण्यांवर तासाभरात मुंग्या.

मापायला वाटी वापरू नकोस. माझे यजमान वाटीने घालायचे, मी वाटीने घालायचे, आणि दोघांची वाटी वेगळी. शेवटी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घेतला. रोज सकाळी दिवसाचं सगळं खाणं एका डब्यात मोजून काढते. बक्षीस म्हणून दाणे द्यायचे ते त्याच डब्यातून. डबा रिकामा झाला की दिवस संपला. घरातला कुणी 'त्याने आज खाल्लंच नाही' म्हणाला की डबा दाखवायचा.

---

तिसरा_मजला | १३ जून

टिटवी ताई, माहीमकर काकू, मनापासून आभार. सिरपची बाटली याही वेळी मिळाली होती. आज बाजूला काढली.

९५० कॅलरी हा आकडा कसा काढला ते सांगाल का? वजन वाढेल तसं मलाच काढता आलं पाहिजे.

---

टिटवी | १४ जून

मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. वजनाचा घन करा, मग दोन वेळा वर्गमूळ काढा, आलेल्या उत्तराला ७० ने गुणा. ही विश्रांतीच्या वेळची गरज. चार महिन्यांपर्यंत तिची तिप्पट, त्यानंतर वाढ संपेपर्यंत साधारण दुप्पट. मोठ्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला १.६ पट.

साडेसात किलोला विश्रांतीची गरज ३१७ येते, तिप्पट ९५०. पाकीट ३८०० कॅलरीचं असेल तर २५० ग्रॅम, चार वेळांत वाटून. भैरव पाच महिन्यांचा, १८ किलोचा होईल तेव्हा १२२० कॅलरी, म्हणजे ३२० ग्रॅम. बघा, वजन दुपटीच्या वर गेलं पण खाणं पाऊणपटही वाढलं नाही. पाकिटामागच्या तक्त्यापेक्षा हा आकडा पुष्कळदा कमी येतो. बिचकू नका.

तरी आकडा ही फक्त सुरुवात आहे. दर आठवड्याला हाताने बघायचं. तुमच्या एका हाताची मूठ मिटा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी चाचपा. मुठीचे उंचवटे लागतात तशा बरगड्या लागल्या तर पिल्लू बारीक आहे. तळहात वर करून बोटांच्या मुळाशी चाचपल्यासारखं मऊ लागलं तर लठ्ठ. हात सपाट पसरून मागच्या बाजूने चाचपा, तिथे जसं लागतं तशा बरगड्या हव्या. वरून बघितलं तर कंबर दिसायला हवी, बाजूने बघितलं तर पोट मागे वर चढलेलं. मोठ्या जातीचं वाढतं पिल्लू किंचित सडपातळच असावं. नातेवाईक म्हणतील 'खायला घालत नाही का?' म्हणू द्या.

वॉल्थम या संस्थेने पिल्लांच्या वाढीचे तक्ते काढले आहेत, आपल्या बाळांच्या डॉक्टरकडे असतात तसे. मोठेपणी ४० किलोपर्यंत जाणाऱ्या कुत्र्यांसाठी चालतात, म्हणजे भैरवला चालतील. दर पंधरा दिवसांनी वजन मांडा. पिल्लू ज्या रेषेवर आहे त्याच रेषेने चढत राहिलं की झालं. वरच्या रेषेवर उडी मारली तर खाणं दहा टक्क्यांनी कमी करा.

---

आंबोलीचा_पाऊस | १४ जून

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. आमच्या गावी कुत्र्यांनी भाकरी-ताक आणि उरलंसुरलं मटण खाऊन चौदा-चौदा वर्षं काढली. कॅल्क्युलेटर, तक्ते, वजनकाटे, हे जरा जास्तच होत नाही का? कुत्रा आहे, त्याला कुत्र्यासारखं वाढू द्यावं.

---

माहीमकर_काकू | १४ जून

राग कसला. पण तुमच्या गावची ती कुत्री मोठेपणी १५-१८ किलोची असणार, आणि दिवसभर रानात हिंडणारी. त्यांच्या अंगाला ते खाणं मानवतं. भैरव त्याच्या दुप्पट होणार आणि दोन खोल्यांत वाढणार. माझ्या पहिल्या लॅब्रॅडॉरला मी दूध-पोळीवरच वाढवलं होतं. तो दहाव्या वर्षी मधुमेहाने, लठ्ठपणाने गेला. तेव्हा कुणी वजनकाटा हातात दिला असता तर मी त्याचे पाय धरले असते.

---

टिटवी | १४ जून

काकूंशी सहमत. यावर एक फार चांगला अभ्यास आहे. ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, बाकी सगळं सारखं, जन्मभर. निष्कर्ष २००२ मध्ये आले. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यम आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्याचं ११.२. कमी खाणाऱ्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. जवळजवळ दोन वर्षं जास्त, आणि तीही चालती-फिरती. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे किती, हे राजाच्या धन्याला सांगायला नको.

---

आंबोलीचा_पाऊस | १५ जून

हे माहीत नव्हतं. पटलं. भावाकडे रॉटवायलर आहे, त्याला हा धागा पाठवतोय.

---

वेसावची_वेलची | १५ जून

आम्ही वेसाव्याचे. घरात रोज मासे. आमच्या डॉबरमनला मी मांदेली, बांगडा उकडून देते, तो वाट बघत असतो. सुका बोंबील पण आवडतो. पिल्लाला चालेल का हे?

---

टिटवी | १५ जून

वेलची ताई, बांगडा उत्तम. त्यातलं ओमेगा-३ सांध्याला आणि कातडीला चांगलं. आठवड्यातून एक-दोनदा, मीठ-हळद न घालता उकडून, काटा काढून, लहान तुकडा. मांदेलीचे काटे बारीक असतात, तरी पिल्लाला नको. सुका बोंबील, सुकट नकोच, मीठ फार.

आणि जे काही वरचं द्याल, मासे, अंडं, गाजर, बिस्किट, ते सगळं मिळून दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांत बसवा. भैरवच्या बाबतीत ९५ कॅलरी. एक मध्यम पोळी शंभराच्या वर जाते. चार ग्लुकोज बिस्किटं, मोठा चमचाभर तूप, हेही तसंच. म्हशीचं अर्धा लिटर दूध म्हणजे पिल्लाच्या दिवसाच्या गरजेचा निदान निम्मा भाग, शिवाय पुष्कळ पिल्लांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. आईचं दूध सुटलं की दुधाची गरज संपली.

---

पाठारे_वाडी | १६ जून

आम्ही पाकिटातलं देत नाही. कोंबडीवाला ओळखीचा, कलेजी-पेठा, मान, पाय स्वस्तात देतो. भातात शिजवून घालतो. ग्रेट डेन, चार महिन्यांचा. यात काय चुकतंय का? खरं विचारतोय. दोन दिवस झाले, उठताना त्याचे पाय बाहेर फाकतात.

---

टिटवी | १६ जून

पाठारे_वाडी, त्याला आजच दाखवा. उद्यावर ढकलू नका. परळचं बैलघोडा हॉस्पिटल तुम्हाला जवळ असेल तर तिथे, नाहीतर घराजवळच्या डॉक्टरकडे. एक्सरे काढायला सांगा आणि खाण्याचं सगळं खरं सांगा.

कारण लिहिते. बिनहाडाच्या चिकनमध्ये शंभर ग्रॅमला १०-१२ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि फॉस्फरस २०० च्या आसपास. पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त लागतं, फार तर दुप्पट. इथे उलटं, फॉस्फरस पंधरा-वीसपट. भाताने ते सुधारत नाही. मग रक्तातली पातळी टिकवायला शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. हाडं कागदासारखी होतात. मी असं पिल्लू पाहिलंय, सोफ्यावरून उतरताना मांडीचं हाड मोडलेलं. शिवाय रोज कलेजी म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाचा मारा, तोही हाडांना वाईट. आणि शिजवलेली हाडं ठिसूळ होऊन फुटतात, टोकदार तुकडे आतड्यात रुततात. मान आणि पाय शिजवून देत असाल तर ते आज थांबवा.

घरचं खाणं वाईट नाही. पण घरच्या खाण्यात कॅल्शियम मोजून घालावंच लागतं, आणि जस्त, तांबं, आयोडीन, 'ड' आणि 'ई' जीवनसत्त्वही. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, म्हणून लोक पेज घालतात. पण त्यातलं किती अंगी लागेल याचा भरवसा नाही, तेवढ्यावर ग्रेट डेन उभा राहत नाही. घरचंच द्यायचं असेल तर प्राण्यांच्या आहाराचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरकडून ग्रॅममध्ये लिहून घ्या. निदान दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत तरी.

म्हणजे मंडळी, गंमत नव्हे, पण हे नीट लक्षात घ्या : पाकिटावर असलेल्या पिल्लाला कॅल्शियम वरून घालणं धोक्याचं, आणि चिकन-भातावर असलेल्याला न घालणं धोक्याचं. शेजारच्याने काय केलं ते आपल्या पिल्लाला लागू होत नाही.

---

पाठारे_वाडी | १८ जून

ताई, आज एक्सरे झाला. तुम्ही म्हणालात तेच. हाडं फिकट दिसतात, कुठे मोडलेलं नाही. डॉक्टरांनी पाकिटातल्या खाण्यावर आणलंय, जायंट जातीच्या पिल्लांचं, मोजून. सहा आठवडे उड्या बंद. वेळेवर कळलं म्हणाले. तुमचे उपकार विसरणार नाही.

---

शिवडीची_खाडी | १८ जून

देव पावला. धाग्याचं सार्थक झालं.

---

घाटकोपर_पूर्व | २० जून

आमचं घर शाकाहारी, अंडंही येत नाही. मुलीच्या हट्टाने लॅब्रॅडॉर घेतोय. शाकाहारावर वाढेल का? लोक दोन्ही बाजूंनी बोलतात.

---

टिटवी | २० जून

स्पष्ट सांगते, वाढ पूर्ण झालेलं कुत्रं नीट बनवलेल्या संतुलित शाकाहारावर राहू शकतं. पण मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लावर तो प्रयोग मी करणार नाही. चुकायला जागाच नाही. दही-भात, डाळ-पोळी, पनीर यावर तर अजिबात नाही. वाढीच्या काळात बंद पाकिटातलं दाणेदार खाणं, ज्याला घरात शिजवावं लागत नाही, त्याला घरच्यांची हरकत आहे का ते आधी विचारा. पुष्कळ शाकाहारी घरांत बाल्कनीत वेगळं भांडं, वेगळा डबा ठेवून हे जमवतात. तेही चालणार नसेल तर लॅब्रॅडॉर घेण्याआधी पुन्हा विचार करा. पिल्लू घरी आल्यावर हा वाद नको.

'ग्रेन फ्री' म्हणजे धान्य नसलेलं महागडं पाकीट सुचवलं तर तेही घाईने घेऊ नका. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने (एफडीए) वाटाणा-मसूर जास्त असलेल्या अशा खाण्यांची आणि कुत्र्यांच्या हृदयाच्या आजाराची चौकशी सुरू केली होती. कुत्र्याला तांदूळ, मका, गहू बहुतेक वेळा नीट पचतो.

---

माहीमकर_काकू | २ जुलै

पावसाळा लागला म्हणून आठवण. १५ किलोची गोणी स्वस्त पडते म्हणून आणू नका. पिल्लू महिन्याभरात संपवेल एवढंच आणा. दाणे मूळ पिशवीतच ठेवायचे, पिशवीचं तोंड घडी घालून चिमटा लावायचा आणि अख्खी पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात. नुसते डब्यात ओतले की तळाला चिकटलेलं जुनं तेल खवट होतं आणि नव्या दाण्यांना वास लागतो. दुकानात उघड्या गोणीतून सुटं मिळतं ते जुलै-ऑगस्टमध्ये तर नकोच, बुरशी डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

---

वरळी_सीफेस | १९ ऑगस्ट

माझा अनुभव लिहितो, कारण तो वाचून कुणाचा तरी कुत्रा वाचेल. माझा ग्रेट डेन, तीन वर्षांचा, ६२ किलो. ऑफिसमुळे मी त्याला रात्री एकदाच घालायचो, मोठं ताट. तो ते दोन मिनिटांत संपवायचा. गेल्या महिन्यात रात्री अकराला तो अस्वस्थ होऊन फेऱ्या घालायला लागला. ओकारी काढायचा, पण बाहेर फक्त फेस. पोट ढोलासारखं ताठ. मला वाटलं गॅस, ओवा-पाणी देऊन बघावं. बायको म्हणाली आत्ता निघायचं. टॅक्सीवाल्यांनी नाही म्हटलं, शेजाऱ्याने त्याची गाडी काढली. जठराला पीळ पडला होता. रात्री दोनला शस्त्रक्रिया झाली. जठर सोडवून पोटाच्या भिंतीला शिवून टाकलं, म्हणजे पुन्हा पिळणार नाही. डॉक्टर म्हणाले आणखी एक तास गेला असता तर आणण्यात अर्थ नव्हता.

खोल छातीच्या कुत्र्यांना हे होतं. डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, सेंट बर्नार्ड. दिवसाला एकच मोठं जेवण आणि भराभर खाणं यांनी धोका वाढतो. आता तीन वेळा घालतो, खाचाखाचांच्या भांड्यात. जेवण झाल्यावर तासभर पळापळ नाही. उंच स्टँडवर भांडं ठेवायचो तेही काढलं, एका अभ्यासात त्याने धोका वाढल्याचं दिसलंय असं डॉक्टरांनी सांगितलं. कोरडी ओकारी आणि फुगलेलं पोट दिसलं तर वाट बघू नका. चोवीस तास उघडं असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आजच फोनमध्ये टाका.

---

तिसरा_मजला | २० ऑगस्ट

वरळी_सीफेस, वाचताना हात थरथरले. वहिनींना नमस्कार सांगा. नंबर टाकला.

भैरव साडेचार महिन्यांचा झाला, १६ किलो. तक्त्यातल्या त्याच रेषेवर आहे. शेजारचे आजोबा काल म्हणाले, 'बारीक आहे हो.' मी त्यांचा हात धरून भैरवच्या बरगड्यांवर ठेवला आणि सगळं समजावलं. आता तेच इमारतीतल्या पोरांना सांगतात की बिस्किट द्यायचं नाही.

जिन्यांचं लिहायचं राहिलं. नॉर्वेत मोठ्या जातीच्या पिल्लांवर अभ्यास झालाय, तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्यांना खुब्याचा त्रास जास्त दिसला, आणि मऊ जमिनीवर मोकळं खेळणाऱ्यांना कमी. म्हणून पहिले दोन महिने त्याला कडेवर घेऊनच उतरवलं. आता १६ किलो उचलून पाठ भरून येते, तरी उतरताना अजून उचलतो. घरात गुळगुळीत लाद्या आहेत, त्यावर जुनी सतरंजी घातलीय.

गणपती येतायत. घरी पाच दिवस. काय काय जपायचं?

---

टिटवी | २० ऑगस्ट

बेदाणे आणि मनुका सगळ्यात आधी. पंचखाद्य, शिरा, लाडू, कशातही असतात. थोड्याशा मनुकांनीही काही कुत्र्यांचं मूत्रपिंड बंद पडतं, कुणाचं पडेल ते आधी सांगता येत नाही. चॉकलेटचे मोदक, कांदा-लसणाचं कालवण, बिनसाखरेच्या गोळ्यांमधला झायलिटॉल, हे सगळं विष. उकडीच्या मोदकाचं नारळ-गूळ विषारी नाही, पण नको, जुलाब होतील. प्रसादाचं ताट उंचावर ठेवा, आणि पाहुण्यांसाठी एक वाटी त्याच्याच दाण्यांची दाराशी ठेवा. ज्याला लाड करायचे त्याने त्यातला दाणा द्यावा.

---

तिसरा_मजला | ११ डिसेंबर

भैरव आठ महिन्यांचा, २६ किलो. मागच्या आठवड्यात उजव्या पुढच्या पायाने लंगडला आणि माझ्या पोटात गोळा आला. राजाच डोळ्यांसमोर. दोन दिवसांनी तो पाय बरा आणि मागचा डावा दुखायला लागला. डॉक्टरांनी एक्सरे काढला. पॅनोस्टायटिस निघालं, लांब हाडांच्या आतली सूज, वाढत्या जर्मन शेफर्डमध्ये बरंच दिसतं, पाय बदलत जाते आणि वयाबरोबर थांबते. सांधे स्वच्छ आहेत, कोपरं दोन्ही छान. तो एक्सरे मी दिव्यासमोर धरून किती वेळ बघत होतो सांगता येत नाही.

---

माहीमकर_काकू | ११ डिसेंबर

देवा. फार बरं वाटलं रे. आईला सांगितलंस का?

---

तिसरा_मजला | ११ डिसेंबर

सांगितलं. ती काही बोलली नाही, उठून भैरवजवळ जाऊन बसली.

---

तिसरा_मजला | १४ जुलै

वर्षभराने धागा वर काढतोय. भैरव १५ महिन्यांचा, ३३ किलो ८०० ग्रॅम. तीन महिने वजन जवळजवळ तिथेच आहे, म्हणून टिटवी ताईंना विचारून मोठ्यांच्या खाण्यावर आणला. दहा दिवस लावले, पहिले तीन दिवस पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. मधे एकदा शी पातळ झाली, दोन दिवस थांबलो, मग पुढे. आता दिवसाला ४१० ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ मिळून. रविवारी बांगड्याचा तुकडा. नसबंदी अजून केली नाही, वाढ पूर्ण होऊ द्यायची असं डॉक्टरांनी सुचवलं होतं. करू तेव्हा खाणं कमी करून पुन्हा मोजायचं आहे.

तीन जिने स्वतः उतरतो. सकाळी साडेपाचला चौपाटीवर जातो, वाळूत पळतो.

पाठारे_वाडी, तुमचा डेन कसा आहे?

---

पाठारे_वाडी | १४ जुलै

मस्त आहे. ५४ किलो, अजून भरतोय. दुसरा एक्सरे एकदम स्वच्छ आला. तो अजून जायंट ज्युनियर खाण्यावरच आहे, डेनची वाढ दीड-दोन वर्षं चालते म्हणून डॉक्टरांनी घाई करू नका म्हटलं.

---

ठाणे_पाचपाखाडी | १६ जुलै

नमस्कार, नवीन सभासद. काल सेंट बर्नार्डचं पिल्लू आणलं, ८ आठवड्यांचं. सगळा धागा वाचला. बरोबर कॅल्शियमचं सिरप आणि एक पाकीट दिलंय, पाकिटावर फक्त 'पपी' लिहिलंय. कुठून सुरुवात करू?

---

तिसरा_मजला | १६ जुलै

स्वागत! सिरप उघडू नका. आज त्याचं वजन करा : आधी स्वतःचं, मग त्याला उचलून, आणि वजाबाकी. पाकिटामागची बारीक अक्षरं दिसतील असा फोटो इथे टाका, कॅल्शियम आणि कॅलरी आपण मिळून काढू. तोपर्यंत आहे तेच खाणं, चार वेळा. एकदम बदलू नका. घर कितव्या मजल्यावर आहे?